आक्का, शोभा बसली नाही

आक्का, तुला माती देऊन त्या दिवशी आम्ही घरी आलो. दारात पाय धूत होते, तेवढ्यात मागून कुणीतरी म्हणालं, "सुटली बिचारी." ते सोडून दिलं. ओसरीवर बसलेली दुसरी म्हणाली, "सुटली बाई एकदाची." तिलाही सोडलं. तिसरी मात्र माझ्या हातात सापडली. "सुटली म्हंजी काय वो? बांधून ठिवलं व्हतं का तिला?" मी सगळ्यांदेखत विचारलं. ती बया पदर सावरत उठून गेली. तुझा सुरेश मला दंडाला धरून आतल्या खोलीत घेऊन आला. "मावशी, आज तरी भांडू नको."

आज नाही तर कधी भांडायचं? तू शहाणी होतीस तोवर तुझ्याशी भांडता येत होतं. शेवटची काही वर्षं तर तेही राहिलं नव्हतं. मी तावातावानं बोलायला लागले की तू माझ्याकडं कौतुकानं बघत राहायचीस, जशी काही मी आरती म्हणत होते. म्हणून आता लिहायला बसले. माझ्या हातात अक्षर आलं ते तुझ्यामुळं, तेव्हा ते ऐकून घेणंही तुझ्याकडंच आहे.

तुला कुणी बांधून ठेवलं नव्हतं, हे मला ठाऊक आहे. तुला बसवून ठेवलं होतं. तेही मानानं, लाडानं. माझा तंटा तिथं आहे आणि तुझ्या जाण्यानं तो मिटलेला नाही.

चकलांब्याच्या शाळेत तू चौथी झालीस आणि आप्पांनी तुझं दप्तर खुंटीला टांगलं. माझी तशी वेळ आली तेव्हा तुझं लग्न होऊन तू बीडला गेली होतीस. माहेरपणाला आलीस आणि आप्पांसमोर उभी राहिलीस. "कमळीला सातवीपस्तोर शिकू द्या. न्हाईतर मी सासरी परत जात न्हाई." एरवी तू बापापुढं डोळे वर करणारी नव्हेस. आप्पा घाबरले. मी शिकले तर काय होईल याची त्यांना भीती नव्हती, तू घरी राहिलीस तर काय होईल याची होती. मी सातवी झाले. पुढं तुझ्याच धाकट्या दिराशी माझं लग्न झालं. सख्ख्या बहिणी, सख्ख्या जावा. लोक विचारायचे, दोघींचं पटतं का? पटत नव्हतंच. पण एकमेकींवाचून दिवसही जात नव्हता.

माझे मालक लवकर गेले. पदरी मूल नव्हतं. दाजींचं किराणा दुकान चांगलं चालत होतं आणि तुझ्या नवऱ्यानं मला कधी परकं मानलं नाही, हे मी आजही सांगते. पण दुसऱ्याच्या कमाईवर जगणं माझ्या स्वभावात नव्हतं. मी मिरच्या कुटून द्यायला लागले. आधी उखळ, मग हातापाया पडून, भांडून, कर्ज काढून विजेचं कांडप यंत्र. तू दुपारी घरचं आवरून यायचीस आणि चुलाणापुढं बसायचीस. मी मोंढ्यात, घाऊक बाजारात, जायची. पोत्यात कोपरापर्यंत हात घालून तळातली मिरची वर काढायची, आडत्याच्या नाकापुढं मोडायची आणि म्हणायची, "ही मिरची हाय का वाळलेला पाला?" तो चिडायचा. चिडलेल्या माणसाकडून माल स्वस्त मिळतो, हे मला तिथं कळलं. मिरची मी आणली, आक्का, पण गिऱ्हाईक आणलं ते तू.

साऱ्या पेठेतली घरं तुझ्या डोक्यात होती. येसर म्हणजे काय हे आपल्याकडं कुणाला सांगावं लागत नाही. धान्यं, डाळी नि मसाले भाजून केलेली ती पूड नसेल तर लग्नाच्या पंगतीला आमटी कसली वाढणार? पण येसर घरोघरी वेगळं. कुणाच्यात ज्वारी जास्त, कुणाला सुंठ लागते, कुणाच्या घरी लसणाचा वास चालत नाही, कुठल्या घरात सासू गेल्यावर सुनेनं गुपचूप धने वाढवले, सगळं तुला ठाऊक. एकदा फळवाल्यांच्या घरातली नवी नवरी आली. म्हणाली, "आपा, मेरी अम्मा के घर का मसाला हुना. मेरे कू मालूम नै उसमें क्या क्या पडता." तू तिच्या आईचं नाव विचारलंस, गाव विचारलंस आणि हसलीस. "तुझी अम्मा पाच-सा वर्षाखाली आलती. तिला शहाजिरं लई लागायचं." ती पोरगी चुलाणापाशीच रडायला लागली. त्या दिवसापासून त्यांची सगळी गल्ली आपली झाली.

आणि दगडफूल. आक्का, त्याचा निकाल अजून लागायचाय. तू म्हणायचीस, तेलात परतलं की वास धरून ठेवतं. मी म्हणायची, तेलात परतलं की पावसाळ्यात खवट होतं, कोरडंच भाजायचं. वर्षानुवर्षं आपण यावर भांडलो. यंत्राचा खडखडाट एवढा, की भांडण ओरडून करावं लागायचं. रस्त्यावरच्या लोकांना वाटायचं, आज या एकमेकींच्या झिंज्या धरणार. आत येऊन बघावं तर तू मला पाट सरकवून देत असायचीस. मी अजून कोरडंच भाजते. पण तू गेल्यापासून दर घाण्याला वाटतं की मागून कुणीतरी "येडी हायस" म्हणेल.

मग सुरेशचं लग्न झालं.

आपल्याकडची रीत तुला काय सांगायची? सून माप ओलांडून आत आली की सासूनं किल्ल्या द्यायच्या, चूल द्यायची आणि कामातून उठायचं. जी उठत नाही तिच्याबद्दल चार बाया कुजबुजतात. एकतर सुनेवर विश्वास नाही, नाहीतर घरात भागत नाही. तेव्हा तू पन्नाशीतही नव्हतीस. गुडघे धड, डोळे धड, पेठ डोक्यात. दाजी म्हणाले, "लई राबली. आता राणीवाणी बसू द्या तिला." त्यांनी ओसरीवर तुझ्यासाठी खुर्ची टाकली. चांगली वेताची, हातवाली. पुढं गावात केबल आली तेव्हा सुरेशनं त्या खुर्चीपुढं रंगीत टीव्ही आणून ठेवला. मंगल, तुझी सून, जागेवर चहा द्यायला लागली. कुणाचंही मन काळं नव्हतं, आक्का. म्हणून तर कुणाला दोष देता येत नाही, आणि माझा जीव नुसता जळत राहतो.

मी आले होते तुला न्यायला. आठवतं का, असं विचारायची सोय तू ठेवली नाहीस, तेव्हा सांगतेच.

"उठ. लगीनसराई आलीय. येसराला माझा हात बसत न्हाई."

"मंगलला काय वाटंल?"

"मंगलला काय वाटायचंय? तिला तर घर मोकळं मिळंल."

"कमळे, लोकं काय म्हणतील? सून आणली अन् सासू मिरच्या भाजती."

"म्हणणारे लोकं मिरच्या घेऊन आपल्याकडंच येतात. म्हणंनात का."

तू मान फिरवलीस. म्हणालीस, "तुला न्हाई कळायचं. तुला कुठं सून हाय."

त्या वाक्यावर मी काही बोलले नाही. मी बोलले नाही असं आयुष्यात फार कमी झालंय. बाहेर आले, चपला घातल्या, यंत्र सुरू केलं. ते वाक्य मी आजवर विसरले नाही. तू मात्र विसरलीस. तुझ्या डोक्यातून एकेक घर गेलं, एकेक नाव गेलं, आणि त्यातच ते वाक्यही गेलं. ते माझ्या एकटीपाशी राहिलं. एखाद्या दिवशी तू म्हणशील, "कमळे, मी तेव्हा बोलू नये ते बोलले," याची मी किती वर्षं वाट बघितली. वाट बघायची तर वेळेत बघावी. मला माल पारखता येतो, पण वेळ पारखता आली नाही.

आणखी दोन गोष्टींवर माझा राग आहे, त्या आत्ताच सांगून टाकते. तुझं ब्लडप्रेशर वाढलेलं आहे असं तपासणीत निघालं होतं. डॉक्टरांनी रोजची गोळी दिली. तू काही दिवस घेतलीस आणि मग सोडलीस. मी विचारलं तर म्हणालीस, "काय दुखतच न्हाई, तर कावून खायची?" दाजी म्हणाले, दुखत नाही तर राहू दे. सगळे शहाणे एका सुरात. दुसरं म्हणजे तुझे कान. यंत्राजवळ बसून बसून आपल्या दोघींचे कान गेले होते, फक्त तुझे जास्त. कांडपात होतीस तोवर ओठ बघून तू समजून घ्यायचीस, कारण समजून घ्यावंच लागायचं. खुर्चीवर बसल्यावर कुणी काही म्हटलं की तू नुसती हसून मान हलवायला लागलीस. लोक म्हणाले, आक्का आता शांत झाली. तुझ्याशी बोलणं थोडं झालं, मग अगदी थोडं. गिऱ्हाईक नाही, घासाघीस नाही, कुणाच्या सासूचं काय चाललंय ते कुणी येऊन सांगत नाही. नुसता टीव्ही. तोही तुला नीट ऐकू येत नव्हता. कुठल्या बाईनं कुठल्या बाईचं घर फोडलं ते तू कपड्यांच्या रंगावरून ओळखायचीस.

एका लग्नाच्या घाईत मी तुझ्याकडं धावत आले. जुनं घर, त्यांचं येसर तुझ्याशिवाय कुणाला ठाऊक नाही. तू सांगायला लागलीस, "त्यायच्यात गहू थोडे, हरभऱ्याची डाळ..." आणि थांबलीस. बोटांकडं बघत राहिलीस. मग हसून म्हणालीस, "मी काय आता कांडपात असते का? कसं ध्यानात राहील?" मला ते पटलं. तुलाही पटलं असेल. तेव्हापासून ते महादेवाच्या देवळातून घरी यायचा रस्ता तुला सापडेनासा झाला तोपर्यंत आपण सगळे काही ना काही पटवून घेत होतो. ओळखीच्या रिक्षावाल्यानं तुला घरी आणून सोडलं. कुणी म्हणालं नजर लागली, कुणी म्हणालं वयच झालं. साठीच्या अलीकडं असलेल्या बाईचं कसलं वय झालं? औरंगाबादच्या मोठ्या डॉक्टरांनी स्मृतिभ्रंश असं नाव सांगितलं, तोवर शोभा, तुझी पोटची लेक, समोर बसली तर तू तिला अहो-जाहो करत होतीस.

पण एक दुपार मी कुणाला देणार नाही. मी तुझे केस विंचरत होते. तू विचारलंस, "तुमी कुणाच्या?"

"मी कमल."

"माझी बी बहीण हाय, कमल." तू आरशातून माझ्याकडं निरखून बघितलंस. "लई भांडखोर हाय. पण तिच्या मिरचीला तोड न्हाई."

"अन् तिच्या येसराला?"

"छे! येसर तिला जमत न्हाई. तेलात परतत न्हाई ती."

आक्का, मी एवढी हसले की मंगल धावत आली. तू पण हसलीस. कशाला हसतोय ते तुला ठाऊक नव्हतं आणि मला सांगता येत नव्हतं. सगळं गेलं, पण माझ्याशी भांडायचा मुद्दा तू शेवटपर्यंत जपलास. याहून जास्त मी काय मागावं?

आता नवीन काय घडलं ते ऐक. त्यासाठीच हा सगळा खटाटोप.

तुझ्या दिवसांच्या कार्याला आपल्या बीडजवळच्या शिरूरहून शोभाच्या घरचे सगळे आले होते. तिच्या मुलाचं लग्न उन्हाळ्यात झालंय, हे तुला चार वेळा सांगितलं होतं. जेवणं झाल्यावर जावईबापू पान जमवत म्हणाले, "शोभानं दुकान लई वर्सं सांभाळलं. आता सून आली. आता तिला काय बी करू देणार न्हाई. वरच्या खोलीत टीव्ही घेतलाय." दाजींनी मान डोलावली. "बरं केलं." सगळ्यांना बरं वाटलं. मी शोभाकडं बघितलं. तिच्या तोंडावरचा रंग उतरला होता.

ती माझ्यामागं न्हाणीघरापाशी आली. "मावशी, परवा मी गॅसवर दूध ठिवलं अन् विसरले. भांडं जळून काळं झालं. आदल्या दिशी नंदेचं नावच तोंडावर येईना. आईचं असंच सुरू झालतं ना?"

मी म्हटलं, "तुझी आई दूध कधी विसरली न्हाई. चहाबाज व्हती." पण मनात मी वर्षं मोजत होते. शोभाला आत्ता चाळिशी ओलांडून चार-पाच वर्षं झालीत. तू खुर्चीवर बसलीस त्याच वयाची. तेच कपाळ, तोच हसून मान हलवण्याचा स्वभाव आणि आता तसलाच टीव्ही.

दुसऱ्या दिवशी मी तिला बीडच्याच एका डॉक्टरीणबाईंकडं नेलं. चष्मा लावलेल्या, तरण्या, तोंडानं स्पष्ट. त्यांनी शोभाला झोपेबद्दल विचारलं.

"झोप कुठली. अंगातून वाफा निघतात. दोन-दोनदा झंपर बदलावा लागतो."

"पाळी?"

"कधी लांबती, कधी येतच न्हाई."

"झोप नाही, अंगात वाफा, घरात नवी सून आणि आई नुकतीच गेलेली," बाई म्हणाल्या. "दूध जळलं यात नवल काय? या वयात पाळी जाताना पुष्कळ बायकांचं असं होतं. आईसारखंच होतंय असं लगेच धरू नका. रक्त तपासू, थायरॉइड बघू. त्यावर इलाज असतो."

शोभा ढसाढसा रडली. मग बाईंनी ब्लडप्रेशर मोजलं आणि त्यांच्या भिवया वर गेल्या. पुन्हा मोजलं. "आईला होतं?"

"व्हतं," मी म्हणाले. "गोळी सोडली व्हती. काय दुखत नव्हतं म्हणून."

त्यांनी पेन खाली ठेवलं. म्हणाल्या, मेंदूत बारीक बारीक रक्तवाहिन्या असतात. दाब वाढला की त्या आतल्या आत खराब होतात आणि ते दुखत नाही, हीच तर अडचण आहे. विसरणं म्हातारपणी दिसतं, पण घसरण कितीतरी वर्षं आधी सुरू झालेली असते. म्हणून सांभाळायचं ते आत्ता, या वयात. गोळी रोज, दुखो न दुखो. साखर तपासत राहायची. रोज झपाझप चालायचं. मीठ कमी. झोपेचं बघायचं. कान जपायचे. आणि डोक्याला काम पाहिजे, माणसांत ऊठबस पाहिजे.

मी विचारलं, "बाई, खात्री देता का मग?"

"नाही. कुणीच देणार नाही. सगळं करूनही काहींना होतं. पण पारडं बरंचसं आपल्याकडं झुकवता येतं. अंगात आईचं रक्त आहे म्हणून आईचंच होणार, असं काही लिहून ठेवलेलं नाही."

हे ऐकून मला हुरूप आला. पारडं झुकवणं तर आपला धंदाच. मी खुर्ची पुढं ओढली. "बरं, यातलं सोडता काय येईल?"

"काहीच नाही."

"असं न्हाई चालत. तुमी भाव सांगितला, आता आमी बोलणार. गोळी घेईल. चालंल बी. लोणचं ठिवा."

"लोणचं कमी."

"कमी म्हंजी? सणाला?"

"सणाला एक फोड चालेल."

"अन् पापड?"

बाई हसायला लागल्या. "तुम्ही मोंढ्यात बसता का हो?"

"बसत न्हाई. उभी राहते."

"आणि एवढ्या मोठ्यानं का बोलता?"

"स्वभाव हाय."

"स्वभाव नाही, कान आहे," त्या म्हणाल्या आणि मलाही कान तपासायची चिठ्ठी लिहून दिली. शोभाचे कान चांगले निघाले. माझे नाही. मी आधी दवाखान्यातच भांडले, मग रिक्षात भांडले, आणि शेवटी ते ऐकायचं यंत्र कानात घातलं. आक्का, तुझ्या कानासाठी हेच करायला हवं होतं, पण बहिरी म्हणतील म्हणून तू ऐकलं नसतंस आणि तसली यंत्रं आपल्याकडं तेव्हा बघितली तरी कुणी होती? मोंढ्यात माझ्या पाठीमागं आडते हळूच काय बोलतात ते आता मला ऐकू येतं. त्यांना अजून कळलेलं नाही. कांडपात काम करणाऱ्या पोरींच्या कानात मी आता कापसाचे बोळे घालायला लावते. न घालणारीला घरी पाठवते.

पण मुख्य गोष्ट राहिली. गोळी देता येते, कान तपासता येतात. डोक्याला काम आणि माणसांत ऊठबस, हे कुठल्या दुकानात मिळतं? मी विचार केला. शिरूरकडची माणसं दसरा झाला की ऊस तोडायला जातात. सगळी थंडी, निम्मा उन्हाळा बाहेर. निघायच्या आधी घरोघरी वर्षाचं तिखट कुटून सोबत बांधायचं असतं. त्या बाया मिरच्यांची गाठोडी घेऊन एसटीनं माझ्याकडं बीडला येतात आणि दिवस घालवतात. शिरूरलाच कांडप टाकलं तर? आणि ते शोभानं चालवलं तर?

मी जावईबापूंकडं विषय काढला. ते भले माणूस आहेत, पण ऐकून त्यांचं तोंड पडलं. "मावशी, आमी तिला आराम द्यायलोत. तुमी कामाला लावायल्यात. लोकं म्हणतील, सून आली अन् बायकोला मिरचीत बसवलं."

मी तोंड उघडणार होते. माझ्याकडं त्यांच्यासाठी पुष्कळ साठलं होतं. पण शोभा आधी बोलली. नेहमीसारखी मान न हलवता, त्यांच्याकडं सरळ बघून.

"माझ्या आईला लई आराम दिला व्हता."

कोपऱ्यात दाजी बसले होते. त्यांनी उपरण्यानं डोळे पुसले. मला त्यांची दया आली, आक्का. राग गेला असं समजू नकोस, पण दया आली. जावईबापू म्हणाले, "मग दुकान कोण बघंल?" दाराआडून शोभाची सून म्हणाली, "मी बघते की. मला हिशेब येतो." एवढंच. ज्या गोष्टीसाठी तुझ्या वेळी मी महिनोन् महिने जीव तोडला, ती दोन बायकांनी एकेका वाक्यात उरकली.

मला वाटलं, जिंकले. कालपर्यंत तसंच वाटत होतं.

काल शोभा बोलणी करायला आली. सकाळचं चालणं झालेलं, गोळी घेतलेली; मी न विचारता तिनं सांगितलं. मी म्हटलं, यंत्र मी टाकते, मिरची मी पाठवते, भाव मी ठरवते, तू बसून बघायचं. ती म्हणाली, "बसून न्हाई. मिरची मी आणीन."

"तुला काय कळतं मिरचीतलं?"

"कळंल. अन् पाटीवर नाव माझं."

"पेठेत माझं नाव चालतं."

"शिरूरला माझं चालंल. अन् दगडफूल मी तेलात परतणार."

माझं डोकं फिरलं. मी म्हटलं, "मग दुसरीकडं जा. माझ्या यंत्रावर हे चालायचं न्हाई." शोभानं पिशवी उचलली, चपला घातल्या आणि निघाली. मी जागची हलले नाही. सौद्यात उठून जाणारं गिऱ्हाईक कोपऱ्यापर्यंत जातं आणि मागं बघतं. बघितलं की आपण जिंकलो. आपण हाक मारली तर आपण हरलो. मी वाट बघत उभी राहिले. ती कोपऱ्यापर्यंत गेली. मागं बघितलं नाही. कोपरा ओलांडून रिक्षाच्या दिशेनं चालायला लागली.

मी हाक मारली. ती वळली नाही. पुन्हा मारली. नाही. कान तर चांगले निघाले होते! मग मी अशी ओरडले की भांडीवाला दुकानाबाहेर आला, रिक्षावाले उठून उभे राहिले. तेव्हा ती थांबली, सावकाश परत आली आणि पिशवी ओट्यावर ठेवली.

"ऐकू येत न्हाई का तुला?"

"पहिल्याच हाकेला आलतं," शोभा म्हणाली. "तू कुठवर चढतीस ते बघत व्हते."

मिरची ती आणणार आहे, आक्का. पाटी तिच्या नावाची. उद्या सकाळी पहिल्या एसटीनं ती मोंढ्यात येईल. मी तिची कुणाशी ओळख करून देणार नाही. मी लांब उभी राहणार आहे, कानात यंत्र घालून, आणि ती कसं बोलते ते ऐकणार आहे.